डिपेंडन्सी व्यवस्थापन

सॉफ्टवेअर प्रकल्पात इतरांनी लिहिलेली पॅकेजे कोठून घ्यायची, त्यांची कोणती आवृत्ती वापरायची आणि ती केव्हा बदलायची हे ठरवण्याची पद्धत. या निर्णयाची चर्चा बहुधा साठवणुकीपाशीच थांबते : पॅकेज रजिस्ट्रीवरून उतरवून घ्यायचे, की त्याचा कोड आपल्याच रिपॉझिटरीत ठेवायचा, म्हणजे व्हेंडरिंग करायचे. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या 11 ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम रजिस्ट्रीवरून काढून घेतले आणि बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. तेव्हापासून व्हेंडरिंगच्या बाजूने हाच दाखला दिला जातो. दाखला खरा आहे, पण प्रत जवळ असल्याने पॅकेज हाताशी राहते एवढेच. त्यात काय शिरले आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

त्यामुळे आवृत्ती कोणाच्या निर्णयाने बदलते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. 2018 मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या मूळ लेखकाने देखभाल एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने जोडलेल्या नव्या पॅकेजमधून कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांच्या चाव्या चोरणारा कोड पसरला. जेथे आवृत्तीची केवळ मर्यादा लिहिलेली असते, तेथे असा बदल कोणालाही न विचारता आत येतो. लॉक फाइल हे रोखते : अप्रत्यक्ष पॅकेजांसह प्रत्येकाची नेमकी आवृत्ती तीत नोंदलेली असते, आणि बहुतेक साधने हॅशही नोंदवतात. गो भाषेची मॉड्यूल-व्यवस्था तर मुळातच नवी आवृत्ती आपणहून उचलत नाही. 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा जुन्या आवृत्तीवर असलेले डेबियन स्टेबल सुरक्षित राहिले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कुलूपबंद पॅकेजे जुनाट होतात. इक्विफॅक्स या कंपनीचे उदाहरण त्याला पुष्टी देते. ती वापरत असलेल्या अपाचे स्ट्रट्स या पॅकेजमधील दोषाची दुरुस्ती मार्च 2017 मध्ये उपलब्ध होती. ती न लावल्याने मे महिन्यापासून हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. मात्र येथे चूक आवृत्ती गोठवण्याची नव्हती. दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी पोहोचली की नाही, हे तपासण्याची व्यवस्था तोकडी पडली. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉगफोरजे’चा दोष उघड झाल्यावर आपल्याकडे ते पॅकेज नेमके कोठे आहे, हे शोधण्यातच अनेकांचा वेळ गेला. अद्ययावत लॉक फाइल याचे उत्तर लगेच देते. म्हणून सुरक्षा-दुरुस्ती तातडीने लावावी, बाकीचे बदल ठरावीक वेळी चाचण्यांतून जाऊ द्यावेत आणि दोन्हींसाठी नावानिशी माणूस नेमावा. छोट्या संघाला हे जड वाटते. पण त्याला जे पेलवत नाही ते बव्हंशी पॅकेजांच्या संख्येमुळे, आणि ती कमी करणे त्याच्याच हाती असते. सगळेच स्वतः लिहावे, हा सल्ला मात्र लेफ्ट-पॅडएवढ्या कामापुरताच योग्य आहे. ते काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ 2017 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणकातच आले. याउलट, क्रिप्टोग्राफी स्वतः लिहू पाहणाऱ्या संघाला त्यातले दोष शोधणारे बाहेरचे डोळे मिळत नाहीत.