मेजर स्केल आणि सॅक्सोफोन



तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत गणित व इतिहास हे विषय शिकविले. संगीत हा माझा विषय नव्हे. परंतु पेटी वाजविणारा दुसरा कोणी शिक्षक नसल्यामुळें स्नेहसंमेलनाचीं गाणीं बसविण्याचें काम दरसाल माझ्याकडेच येई. एके वर्षीं एक मुलगा आपल्या मामाचा सॅक्सोफोन घेऊन आला. मामा लग्नाच्या बँडांत वाजवीत असत. भाच्यानेंहि दोन महिने खपून एक सप्तक बसविलें होतें. मीं पेटीवर पांढरी एकचा सा धरला आणि त्यालाहि सप्तक वाजविण्यास सांगितलें. मामांनीं शिकविल्याप्रमाणें त्यानें आपल्या 'सी' पासून आरंभ केला, आणि असा कांहीं विसंवाद उठला कीं, सारा वर्ग कानांवर हात ठेवून हसूं लागला. "तुला सुराचा गंध नाहीं," असें सर्वांदेखत सांगून मीं त्याला खालीं बसविलें. तें वाद्य पुन्हां शाळेंत आलें नाहीं.

पुढें पुष्कळ वर्षांनीं मला समजलें कीं, त्या मुलाचा एकहि स्वर चुकला नव्हता. चूक माझी होती आणि ती निव्वळ अज्ञानाची होती. आज जे विद्यार्थी हें वाद्य हातीं घेत आहेत, त्यांच्या वांट्यास असा शिक्षक येऊं नये, म्हणून ती चूक कोणती हें इतिहासाच्या आधारें सांगण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम मेजर स्केल म्हणजे काय, हें पाहूं. 'सात स्वर' असें उत्तर सामान्यतः मिळतें. पण तें अपुरें आहे. शिडीला किती पायऱ्या आहेत एवढें सांगितल्यानें शिडीची ओळख पटत नाहीं. पायऱ्यांमधलीं अंतरें सांगावीं लागतात. पेटीवरील एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचें अंतर, मग ती पट्टी काळी असो वा पांढरी, तो अर्धा स्वर. अशीं दोन अंतरें मिळून पूर्ण स्वर. सा पासून तार सा पर्यंत मेजर स्केलचीं अंतरें अशीं आहेत : पूर्ण, पूर्ण, अर्धें, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धें. बेरीज बारा अर्ध्या स्वरांची. पांढरी एक, जिला पाश्चात्य लोक सी म्हणतात, तेथून ओळीनें पांढऱ्याच पट्ट्या वाजवीत गेलें कीं हीं अंतरें आपोआप साधतात. आपल्या कानाला हा अनोळखी प्रकार नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं जे दहा थाट मांडले, त्यांतील सर्व शुद्ध स्वरांचा बिलावल थाट तो हाच. फरक असलाच तर तो सूक्ष्म आहे. तंबोऱ्याशीं मिळवून लावलेला आपला शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षां किंचित् उतरलेला असतो.

ही अंतरांची मालिका युरोपांत एका दिवसांत सिंहासनावर बसली नाहीं. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील आरेत्झो येथील ग्विदो नांवाच्या एका साधूनें गायकांना स्वर लवकर ओळखतां यावे म्हणून एक युक्ति काढली. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक पायरी वर सुरू होत असे. त्या ओळींच्या आद्याक्षरांवरून त्यानें उत्, रे, मी, फा, सोल, ला अशीं सहा नांवें घेतलीं. सातवें नांव मागाहून आलें, आणि सतराव्या शतकांत 'उत्' च्या जागीं उच्चारास सोपा 'दो' रूढ झाला. ग्विदोच्या या सहा स्वरांत अर्धें अंतर एकच, मी आणि फा यांच्यामध्यें. अर्धा स्वर नेमका कोठें येतो, हें ध्यानांत राहिलें म्हणजे बाकीचें जागच्या जागीं बसतें, हें मर्म त्या शिक्षकानें ओळखलें होतें.

पुढें पांचशें वर्षें चर्चच्या शास्त्रांत आठच स्वरपद्धति मानल्या जात. १५४७ सालीं ग्लारेआन या स्विस पंडितानें बाझेल येथें आपला ग्रंथ प्रसिद्ध करून त्या आठांच्या बारा केल्या. नव्यानें घेतलेल्यांपैकीं जिला त्यानें आयोनियन म्हटलें, तीच आजची मेजर स्केल. ती लोकांच्या व्यवहारांत आधींपासून होती. शास्त्रानें तिची नोंद तेवढी उशीरा घेतली. तरीहि एक अडचण राहिलीच. त्या काळीं वाद्यें अशा रीतीनें जुळवीत कीं, कांहीं पट्ट्यांपासून स्केल गोड लागे, तर कांहींपासून कर्कश. जुळणी हळूहळू सुधारत गेली, आणि १७२२ सालीं बाख यानें बाराहि स्वरांना पाळीपाळीनें सा मानून मेजर व मायनर अशा चोवीस प्रकारांतल्या रचनांचा संग्रह तयार केला. सा कोठेंहि ठेवा, शिडी तीच राहते, याचा तो सप्रयोग पुरावाच होता.

सा हलविला म्हणजे शार्प आणि फ्लॅट कोठून येतात, हें गणिताच्या मास्तरास सहज सांगतां येतें. शार्प म्हणजे अर्धा स्वर चढविलेला, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरविलेला. मेजर स्केलचे दोन तुकडे पाडा : सा रे ग म आणि प ध नि सां. दोहोंचीं अंतरें एकच : पूर्ण, पूर्ण, अर्धें, आणि दोहोंच्या मध्यें एक पूर्ण स्वर. आतां वरच्या तुकड्याला खालचा तुकडा समजा, म्हणजे पंचमालाच सा म्हणा. पांढरी पांच, अर्थात् जी, येथून निघाल्यास सहा स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच मिळतात. फक्त निषादाच्या जागीं पांढरी चार घेतल्यास तो अर्ध्या स्वरानें कमी पडतो. म्हणून ती सोडून काळी तीन घ्यावी लागते. हाच जी मेजरचा एकुलता एक शार्प, एफ शार्प. पुन्हां पंचम घ्या, डी मेजर येते व दोन शार्प होतात. आणखी एकदां घ्या, ए मेजर येते व तीन होतात. उलट मध्यमाला सा केलें तर दर खेपेस एकेक फ्लॅट वाढतो. विद्यार्थी ज्या खुणांची यादी घोकून बेजार होतात, ती एवढ्या एका नियमांतून निघते.

आतां सॅक्सोफोनकडे वळूं. अॅडॉल्फ सॅक्स याचा जन्म बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं झाला. वडील वाद्यें बनवीत. मुलगा त्याच कारखान्यांत वाढला. १८४२ सालीं तो पॅरिसला गेला, आणि त्याच वर्षीं बर्लिओझ या नामांकित संगीतकारानें वृत्तपत्रांत त्याच्या नव्या वाद्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली. १८४६ सालीं सॅक्सला त्याचें पेटंट मिळालें. अंग पितळेचें, मुखाशीं क्लॅरिनेटसारखी वेताची एकेरी जिव्हाळी, आणि नळी मुखापासून रुंदावत जाणारी. या शंकूसारख्या आकाराचा विद्यार्थ्यास मोठाच लाभ झाला आहे. क्लॅरिनेटची नळी सरळ असल्यामुळें तींत वरचा स्वर उठविला कीं तो एकदम बाराव्या पायरीवर उडी घेतो व बोटांची मांडणी बदलते. सॅक्सोफोनचा स्वर मात्र बरोबर आठव्या पायरीवर, म्हणजे तार सा वर जातो. एका सप्तकाचीं बोटें बसलीं, कीं ऑक्टेव्ह की दाबून बहुतेक तींच बोटें वरच्या सप्तकांतहि चालतात.

सॅक्सनें हें वाद्य लहानमोठ्या आकारांत बनविलें. त्यांचा एक वर्ग वाद्यवृंदासाठीं सी आणि एफ या स्वरांत होता. दुसरा लष्करी बँडासाठीं ई फ्लॅट आणि बी फ्लॅट या स्वरांत, कारण बँडांतील क्लॅरिनेट व इतर वाद्यें तशींच होतीं. पहिला वर्ग जवळजवळ लुप्त झाला. आज सर्वत्र दिसतात तीं दुसऱ्या वर्गाचीं अपत्यें : आल्टो ई फ्लॅटमध्यें, टेनर बी फ्लॅटमध्यें. वादकाला एक आकार सोडून दुसरा सहज घेतां यावा म्हणून सर्वांचीं बोटें व सर्वांचें लेखन एकच ठेवण्यांत आलें. सोय झाली खरी. पण कागदावरचा सी आणि कानावर पडणारा स्वर हे वेगळे झाले. आल्टोचा लिहिलेला सी नऊ अर्धे स्वर खालीं, म्हणजे काळी दोनवर ऐकूं येतो. टेनरचा चौदा अर्धे स्वर खालीं, म्हणजे काळी पांचवर.

म्हणून पेटीची पांढरी एक गांठावयाची असेल, तर आल्टोवाल्यानें ए मेजर वाजवावी : ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी शार्प. टेनरवाल्यानें दोन शार्पांची डी मेजर वाजवावी. ज्यानें फक्त सी मेजरचीं बोटें पाठ केलीं, तो येथें अडतो. ज्यानें पूर्ण-पूर्ण-अर्ध्याचा हिशेब मनांत पक्का केला, तो कोठूनहि निघून घरीं पोंचतो. रोज एका नव्या स्वरापासून स्केल सुरू करावी, आधीं तोंडानें म्हणावी, मग सावकाश वाजवावी. बारा दिवसांत बाराहि होतात.

आपल्याकडे हें वाद्य परकें राहिलेलें नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचण्यास शिकवीत. तेथील वादकांनीं मुंबईचे बँड आणि पुढें चित्रपटांचे वाद्यवृंद गाजविले. कलकत्त्याहून मुंबईस आलेले मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांचा सॅक्सोफोन तर हिंदी चित्रगीतांतून घरोघर पोंचला. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनीं याच वाद्यावर कर्नाटक संगीतांतील गमका उतरविल्या, आणि १९९४ सालीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्या जगाला ऐकविल्या.

असो. त्या मुलाचा वृत्तांत अपुरा राहिला आहे. त्याचा सॅक्सोफोन आल्टो होता. त्यानें सी पासून जें सप्तक वाजविलें, तें काळी दोनचें निर्दोष बिलावल होतें. मीं माझा हात पांढरी एकवरून तीन पट्ट्या पुढें सरकविला असता, तर पेटी आणि सॅक्सोफोन एका सुरांत बोलले असते, आणि हसणारा वर्ग स्तब्ध झाला असता. तीन पट्ट्या सरकण्याऐवजीं मीं त्याला बेसूर ठरविलें. तो आतां चाळिशीच्या पुढें असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें आपल्या मास्तरास क्षमा करावी, आणि घरांत तें वाद्य अजून असेल तर तें पुसून पुन्हां हातीं घ्यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.