एक नांव, अनेक भास्कर



‘भास्कर पंडित’ हे दोन शब्द कानांवर पडतांच आपणां महाराष्ट्रीयांस लीलावतीकार भास्कराचार्यांचें स्मरण होतें. परंतु अठराव्या शतकांतील बंगाली कवि गंगाराम याच्या ‘महाराष्ट्रपुराण’ काव्यांतील भास्कर पंडित गणिती नाहीं. तो गांवें लुटणाऱ्या मराठी फौजेचा सेनापति आहे. आकाशांतील भास्कर एक असला तरी इतिहासांतले अनेक आहेत.

प्रथम ज्योतिषी पाहूं. चाळीसगांवाजवळील पाटण येथें इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, त्याची ही नोंद. हा चांगदेव सिंघण यादवाचा राजज्योतिषी. ज्ञानेश्वरांनीं ज्यास पासष्टी लिहिली तो योगी नव्हे. त्याच लेखांतील वंशावळींत भास्कराचार्यांच्या पूर्वजांत आणखी एक भास्करभट्ट भेटतो. भोजराजानें त्यास ‘विद्यापति’ ही पदवी दिली, असें लेख सांगतो. म्हणजे एका घरांतच दोन भास्कर!

याहून मोठा घोटाळा दुसऱ्या एका ज्योतिषाच्या वांट्यास आला. इ. स. ६२९ मध्यें आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा आणि ज्याकोष्टकावांचून ज्या काढण्याची सुंदर रीति देणारा भास्कर हा लीलावतीकाराच्या पांचशें वर्षें आधींचा. पण नंतरच्या भास्कराची कीर्ति एवढी मोठी कीं पहिला तिच्या तेजांत लोपला. १९३० मध्यें बिभूतिभूषण दत्त यांनीं या दोन भास्करांवर स्वतंत्र लेख लिहिला, व १९४५ मध्यें पुण्याच्या आनंदाश्रमानें पहिल्याचें ‘महाभास्करीय’ छापलें. नांवाच्या सारखेपणानें माणसाचें श्रेय कसें झांकलें जातें, याचें हें उदाहरण.

ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहून मायावादाचें खंडन करणारा भास्कर हा भेदाभेदवादी तत्त्वज्ञ. ‘शिशुपालवध’ व ‘उद्धवगीता’ रचणारा भास्करभट्ट बोरीकर हा महानुभाव कवि. यांपैकीं कोणाचाही ग्रहगणिताशीं संबंध नाहीं.

आतां बंगालचा भास्कर पंडित. हा भास्करराम कोल्हटकर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी. ‘पंडित’ ही त्याची केवळ उपाधि, व्यवसाय तलवारीचा. १७४२ मध्यें त्यानें बंगालवर स्वारी केली. काटवा येथें दुर्गापूजा चालली असतां अलिवर्दीखानानें त्याच्यावर छापा घातला, आणि १७४४ मध्यें बोलणीं करण्याच्या मिषानें मनकरा येथें बोलावून त्यास ठार केलें. आपण या विश्वासघातानें हळहळतों. बंगाली माणसास मात्र ‘बर्गी’ म्हणजे आपल्या बारगीरांनीं जाळलेलीं गांवें आठवतात. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि इतिहासानें दोन्ही जपल्या पाहिजेत.

म्हणून जुन्या कागदांत नांव भेटलें कीं तीन प्रश्न विचारावे: हा केव्हांचा, कोठला, आणि काय करणारा? लीलावतीकारानें हा विवेक स्वतःच दाखविला. आपण शके १०३६ मध्यें जन्मलों, छत्तिसाव्या वर्षीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला, गोत्र शाण्डिल्य, पिता महेश्वर, वास सह्याद्रीच्या आश्रयाचा, असें त्यानें ग्रंथांतच लिहून ठेविलें. नुसतें नांव ओळख देण्यास पुरत नाहीं, हें त्या गणितज्ञास पक्कें ठाऊक होतें.