तलगुच्छिका व हालचालींचे नियंत्रण
तलगुच्छिका : प्रमस्तिष्क गोलार्धांच्या तळाशी खोलवर असलेले करड्या द्रव्याचे पुंज व त्यांच्याशी निगडित केंद्रके. पुच्छाभ केंद्रक व कवच मिळून रेखित पिंड होतो. पांडुर गोल, थॅलॅमसखालील केंद्रक आणि मध्यमस्तिष्कातील कृष्ण द्रव्य यांचाही त्यांत समावेश करतात. काटेकोर अर्थाने मेंदू व मेरुरज्जूबाहेरील कोशिकापुंजांनाच गुच्छिका म्हणतात. त्यामुळे हे नाव चुकीचे आहे, पण रूढ झाले आहे.

टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये रेखित पिंडाचे वर्णन केले. रचना इतकी लवकर दिसली, तरी कार्य फार काळ अज्ञात राहिले. या पुंजांतून मेरुरज्जूकडे थेट जाणारा मोठा तंतुमार्ग नाही. म्हणून हालचालींशी त्यांचा संबंध प्रामुख्याने रोगांवरूनच उमगला. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे वर्णन केले. परंतु विकृतीचे स्थान त्यांनी मेरुरज्जूच्या वरच्या भागात कल्पिले. कृष्ण द्रव्यातील कोशिकांचा ऱ्हास त्रेत्याकॉफ यांनी १९१९ मध्ये दाखविला.

पुढचा दुवा भारतीय वनस्पतीने जोडला. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधाच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये एहरिंगर व होर्निकीविच यांना मृत कंपवात-रुग्णांच्या रेखित पिंडात डोपामिनाचे प्रमाण फार कमी आढळले. एखाद्या औषधाच्या अनिष्ट परिणामाने शरीरक्रियाविज्ञानावर इतका प्रकाश टाकल्याची उदाहरणे थोडी आहेत.

प्रमस्तिष्क बाह्यकाकडून येणारे संदेश प्रथम रेखित पिंडात पोहोचतात. पांडुर गोलाच्या आतील भागातील कोशिका एरव्ही थॅलॅमसला सतत निरोध करीत असतात. रेखित पिंडातील काही कोशिका त्या निरोधकांचाच निरोध करतात. त्यामुळे थॅलॅमस मोकळा होऊन बाह्यकाला चेतना देतो. म्हणजे हालचाल उत्पन्न करण्यापेक्षा तिला वाट मोकळी करून देणे, हे येथील मुख्य कार्य दिसते. दुसरा मार्ग पांडुर गोलाचा बाहेरील भाग व थॅलॅमसखालील केंद्रक यांतून जातो आणि निरोध वाढवितो. कृष्ण द्रव्याकडून येणारे डोपामीन पहिल्या मार्गाला पुष्टी देते व दुसऱ्याला आवर घालते.

हे चित्र १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. ते उपयुक्त असले, तरी अपुरे आहे. त्यानुसार पांडुर गोलाचा आतील भाग शस्त्रक्रियेने नष्ट केल्यास अनैच्छिक हालचाली वाढावयास हव्यात. प्रत्यक्षात त्या बहुधा कमी होतात.