सार्वजनिक मलवाहिनीतील विसर्गावरील निर्बंध

मलवाहिनी, तीत उतरणारे कामगार व मलशुद्धीकरण प्रक्रिया यांना अपायकारक पदार्थ सार्वजनिक मलवाहिनीत सोडण्यावर कायद्याने घातलेली मनाई किंवा मर्यादा.

उगम : ब्रिटनच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाच्या कलम २७ नुसार पेट्रोल, कॅल्शियम कार्बाइड, धोकादायक रासायनिक टाकाऊ द्रव्ये व ११०° फॅ. हून उष्ण असे अपायकारक द्रव मलवाहिनीत सोडण्यास बंदी आली. भारतात १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमान्वये औद्योगिक सांडपाणी मलवाहिनीत सोडण्यासाठी राज्य मंडळाची संमती लागते (पहा : प्रदूषण नियंत्रण मंडळे).

स्वरूप : पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार मलवाहिनीत सोडावयाच्या सांडपाण्याचे पीएच मूल्य ५.५ ते ९ असावे. जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी ३५०, निलंबित घन पदार्थ ६००, तेल व वंगण २० आणि शिसे १ मिग्रॅ. प्रतिलिटर यांहून अधिक नसावे. मलवाहिनी जैविक प्रक्रियेसह द्वितीयक शुद्धीकरण केंद्राला जोडलेली नसल्यास भूपृष्ठजलासाठीची कडक मानके लागू होतात. तेथे ऑक्सिजन मागणीची मर्यादा ३० मिग्रॅ. आहे (पहा : सांडपाणी).

महत्त्व : आम्ले वाहिनी झिजवतात व सल्फाइडांशी संयोग पावून विषारी हायड्रोजन सल्फाइड मुक्त करतात. जड धातू शुद्धीकरण करणारे जीवाणू मारतात व गाळात साचून तो खतासाठी निरुपयोगी करतात (पहा : जड धातू). ज्वलनशील बाष्पामुळे स्फोट होतात. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे २२ एप्रिल १९९२ रोजी मलवाहिनीत झिरपलेल्या पेट्रोलच्या स्फोटांत दोनशेहून अधिक लोक मरण पावले.