चूक कोणाची?

ड्रॅगनवाल्या मालिकेतल्या भाऊबंदकीवरून परवा घरी नातवंडांचं जुंपलं. "आबाजी, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" म्हटलं, ड्रॅगन राहू द्या, आपल्या मोहाडीवर राज्य केलेल्या नागपूरकर भोसल्यांचंच सांगतो.

१७५५ मध्ये पहिले रघूजी वारले. जानोजी वयाने थोरले, मुधोजी थोरल्या राणीचे. दोघांत तंटा झाला. पेशव्यांनी सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना दिलं, मुधोजींना चांदा. १७७२ मध्ये जानोजीही गेले. पोटचा मुलगा नाही. दत्तक घेतलेला, तो मुधोजींचाच रघूजी. पण जानोजींचे सख्खे भाऊ साबाजी यांनी विधवा दर्याबाईंच्या साथीने गादी बळकावली. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली. मुधोजी कोंडीत सापडले, साबाजींनी हत्ती पुढे घातला, आणि मुधोजींनी सावत्र भावाला पिस्तुलाने ठार केलं.

वर्गात मी कितीतरी वर्षं दर्याबाईंनाच दोष दिला. बाईच्या माथी खापर फोडणं सोपं असतं ना! खरं तर थोरला की थोरलीचा, दत्तक की भाऊ, हे त्या घराने कधी ठरवलंच नाही. जानोजींचा हक्क न मानणारे मुधोजी पुढे त्यांच्याच दत्तकाच्या जोरावर लढले.

आमच्या वडिलांनीही धानाच्या बांध्यांची वाटणी तोंडीच ठेवली होती. आम्ही दोघे भाऊ बारा वर्षं बोललो नाही. पोरांनो, मी कागद करून ठेवलाय. मी असतानाच वाचा, आणि भांडायचं तर माझ्याशी भांडा.