तंबाखूचे व्यसन : विजापूर, निपाणी आणि केशवापूर

प्रौढांमधील तंबाखूच्या व्यसनाकडे बहुधा व्यक्तीचा दुबळेपणा म्हणून पाहिले जाते. हुबळीच्या केशवापूरसारख्या वस्तीत हे व्यसन का टिकते, हे समजण्यासाठी उत्तर कर्नाटकातील तंबाखूचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आला. अकबराचा दूत असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुरात तो पाहिला आणि दरबारात नेला. हकिमाने या अपरिचित वस्तूबद्दल शंका घेतली. अकबराने सवय लावून घेतली नाही, परंतु अमीर-उमरावांत ती पसरली आणि व्यापारी तंबाखू विकू लागले. जहांगीरने १६१७ मध्ये मनाईचा हुकूम काढला. तोही फारसा उपयोगी पडला नाही. सारांश, बंदी येण्यापूर्वीच बाजार उभा राहिला होता.

पुढे बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे विडीच्या तंबाखूचे मोठे केंद्र बनले. शेतकरी, वखारीतील स्त्रिया व विडी वळणारी कुटुंबे यांची रोजीरोटी या पिकावर अवलंबून राहिली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी तेथे आंदोलन झाले. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणी व हुबळी ही दोन्ही गावे पुणे–बंगळूर महामार्गावर आहेत. जेथे माल पिकतो, तेथे तो स्वस्त व सहज मिळतो.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार कर्नाटकात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये २८.२ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते २२.८ टक्के झाले. त्या वर्षी पुरुषांत ते ३५.२, तर स्त्रियांत १०.३ टक्के होते. देशभर ग्रामीण भागात आणि कमी शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळते. मात्र वापर व व्यसन यांत फरक आहे. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणे ही निकोटीनवरील अवलंबित्वाची महत्त्वाची खूण मानली जाते.

२००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व जाहिरातींवर निर्बंध आले. २०१३ मध्ये कर्नाटकात गुटख्यावर बंदी आली. पण पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन गिऱ्हाईक त्या एकत्र करू लागले. जहांगीरच्या हुकमाचाच अनुभव येथे पुन्हा आला.

यावरून असे दिसते की व्यसनाला शरीराची ओढ, घरातील व सोबत्यांची सवय, स्वस्त पुडी आणि त्यावर चालणारी रोजी अशी अनेक कारणे आहेत. म्हणून केशवापुरातील पानटपरीवर उभ्या असलेल्या माणसाला केवळ उपदेश करून भागणार नाही. सवय सोडू इच्छिणाऱ्यास समुपदेशन व औषधोपचार मिळाले पाहिजेत, आणि विडी वळणाऱ्या घराला दुसरा रोजगार मिळाला पाहिजे. चारशे वर्षांची सवय एका हुकमाने जात नाही, हाच या इतिहासाचा धडा आहे.