‘नोंद नाही’ म्हणजे ‘गेलाच नाही’ का? : सैनिकांची डिस्चार्ज बुकं आणि परदेशातली सेवा



विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस फौजेच्या दप्तरात कुठे शिरला? शिरलो खरा, पण माझ्याच विषयाच्या दारानं शिरलो. ‘एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कळतं कसं?’ हा आपल्या दर्शनांमधला जुना वाद आहे. आणि ‘तुमच्या आजोबांची परदेशातली सेवा आमच्या कागदात नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी ऐकलेलं आहे. ही दोन टोकं आज एकत्र बांधून बघू.

टेंभी नाक्यावर बसून हे बोलायला एक कारणही आहे. इथून कल्याणकडे गेलं की उल्हासनगर लागतं, आणि तिथला रिक्षावाला आजही ‘कॅम्प तीन, कॅम्प चार’ असंच विचारतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे वसवलं आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण निर्वासितांच्या आधी ते बराकींचं गाव कुणासाठी उभं होतं? दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्याची ती ट्रान्झिट छावणी होती. छावणीचं नाव पत्त्यात राहिलं. तिथून जे गेले त्यांची नावं शोधायची तर मात्र कागदांपाशी यावं लागतं.

तर डिस्चार्ज बुक. फौजेतून बाहेर पडताना सैनिकाच्या हातात मिळणारं हे पुस्तक. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, अंगावरची ओळखीची खूण, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण, वर्तणुकीचा शेरा, मोहिमा आणि पदकं. आपण ते चरित्रासारखं वाचतो. तिथेच घोटाळा होतो. कारण ते चरित्र म्हणून लिहिलेलंच नव्हतं. या माणसाचा हिशेब मिटला, एवढं सांगण्यासाठी लिहिलेलं होतं. त्याच्या पाठीमागे असते शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या सेवेचा मूळ कागद, आणि शीट रोलच्या पाठीमागे पार्ट टू ऑर्डर. बदली, रजा, बढती, लग्न, मूल, इस्पितळ, काहीही झालं की युनिटनं पार्ट टू ऑर्डर काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला पोचायची आणि मग शीट रोलवर नोंद चढायची. फौजेच्या भाषेत अशा प्रत्येक बदलाला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. लग्न झालं तरी कॅज्युअल्टीच! (यावर टीका करणार नाही, अनुभवी मंडळी समोर बसली आहेत.)

या साखळीत एक कडी निसटली की पुढचं सगळं कोरं राहतं. आणि युद्धात कडी निसटते ती नेमकी परदेशात. पुण्यातल्या किंवा बेळगावच्या डेपोत कारकून असतो, टेबल असतं, टाइपरायटर असतो. नदीकाठच्या खंदकात काय असतं?

१९४५ पर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपलं आणि बहुतेकांना घरी पाठवायचं ठरलं. एवढी माणसं सोडताना पुस्तकं कशी भरली गेली असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता. यातल्या पुष्कळांची सेवा चार-पाच वर्षांची. पेन्शनला लागते पंधरा वर्षांची. म्हणजे हे सगळे ‘नॉन-पेन्शनर’. आता इथे लक्ष द्या. आर्मी रेग्युलेशन्सच्या ५९५ व्या परिच्छेदाप्रमाणे पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं २५ वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. उरते ती लाँग रोल नावाची वही, माणशी एक ओळ. नाव, नंबर, भरती, सुटका, थोडं इकडचं-तिकडचं. इटलीला गेला होता की इम्फाळला, हे त्या ओळीत मावत नाही.

समजा, सातारा किंवा रायगड जिल्ह्यातली एक म्हातारी आहे. नवरा इटलीत लढला हे तिला ठाऊक आहे, कारण तो आयुष्यभर तेच सांगत होता. नातू अर्ज करतो. उत्तर येतं : उपलब्ध अभिलेखात परदेशसेवेची नोंद आढळत नाही. वाक्य खरं आहे, त्यात खोटेपणा कुणाचाच नाही. पण घरात ते वाक्य वाचलं जातं ते असं, की आजोबा थापा मारत होते.

आता माझ्या विषयाकडे येतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि पुढे अद्वैत वेदान्ती असं म्हणतात की प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरेंसारखंच ‘अनुपलब्धी’ हेही एक स्वतंत्र प्रमाण आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे ज्ञान होतं. नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण एका अटीवर सगळ्यांचं लक्ष आहे : अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. दिवा लावलेला आहे, डोळे ठीक आहेत, जमीन समोर आहे, आणि घडा दिसत नाही. तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

लाँग रोल ही परदेशसेवेच्या बाबतीत अंधारी खोली आहे. तिथे नोंद असती तर दिसली असती, असं म्हणताच येत नाही. कारण ती नोंद तिथे ठेवायचीच नव्हती. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला कुतचा. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराकच्या किनाऱ्यावर फावला जे सैन्य उतरलं, ते सहाव्या पूना डिव्हिजनचं. ११७ मराठा त्यात होती. मागोमाग १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री गेल्या. वर्षभरात हे सगळे बगदादच्या वाटेवरून मागे रेटले गेले आणि कुत-अल-अमारात अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. मग सुमारे १३ हजारांची शरणागती. शरण जाण्याआधी तोफा आणि दारूगोळा नष्ट केला गेला. पलटणीबरोबरचं दप्तर शत्रूच्या हाती द्यायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढे वाळवंटातली पायपीट आणि कैद. तिथे कोण पार्ट टू ऑर्डर काढणार? जो परत आला, त्याच्या कागदात सुमारे अडीच वर्षांची फट पडलेली असणारच. पुढे १९४२ मध्ये तोब्रुकला २/५ मराठा कैद झाली, तेव्हाही तेच.

आणि जो परत आला नाही? त्याच्यासाठी बसऱ्याचं स्मारक आहे. तिथे ब्रिटिश शिपायाचं नाव दगडावर आहे, भारतीय अधिकाऱ्याचंही आहे. भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यात : आणखी इतके. त्याच फौजेतल्या, फ्रान्समध्ये पडलेल्या शिपायांसाठी नव्ह-शापेलला १९२७ साली स्मारक झालं, तिथे ४७०० हून अधिक नावं आहेत. फ्रान्समध्ये मेला तर नाव, इराकमध्ये मेला तर संख्या. ही विसरभोळेपणाची चूक नव्हे, हा निर्णय होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं आपल्याच कारभाराची चौकशी करून अहवाल दिला, त्यात पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं असं मान्य केलं, आणि ब्रिटिश सरकारनं पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

आपल्याकडच्या गावांतही असे दगड आहेत. महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, असा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात मृत्यू पावले. गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते उगाच नाही. ४६ हा आकडा पाठ असतो. नावं किती जणांना सांगता येतील?

मग दिवा कुठून आणायचा? डिस्चार्ज बुक सोडून बाहेर बघायचं. घरातली पदकं पहिल्यांदा बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन बघितलं तर वाचता येते. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्याला चांदीचं आणि पाणके, स्वयंपाकी, मजूर, खेचरवाले अशा ‘फॉलोअर’ मंडळींना ब्राँझचं. मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लढणारे नव्हतेच. म्हणून कुणाच्या घरी ब्राँझचं निघालं तर ते नकली समजून मोडीत टाकू नका. तो माणूस समुद्रापार गेला होता, याचा तोच पुरावा असू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात स्टार आले : आफ्रिका, इटली, बर्मा. इटली स्टार असेल तर माणूस त्या रणक्षेत्रात होता. इंडिया सर्व्हिस मेडल मात्र देशातल्या तीन वर्षांच्या सेवेचं. ते पाहून कुणी परदेशसेवेचा दावा करत असेल तर त्याला प्रेमानं थांबवा. आणि उलटंही आहे. इराक-इराणमध्ये तेलाच्या नळांवर दोन वर्षं पहारा देणाऱ्याला, १९४१ मधले काही मोजके दिवस सोडले तर, स्टार नाही. स्टार नाही म्हणून तो गेला नाही? पुन्हा तीच अंधारी खोली.

मग युनिटच्या वॉर डायऱ्या आहेत, लंडनजवळ क्यूला राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यात शिपायांची नावं क्वचित. पण पलटण अमुक तारखेला कुठे होती हे पक्कं कळतं. पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं रेड क्रॉसनं ऑनलाइन ठेवली आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या वह्यांतून पंजाबच्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये लोकांसमोर आल्या. शंभर वर्षं त्या नोंदी ‘नव्हत्या’!

शोधताना नावाच्या वर्तनीनं अडू नका. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव इंग्रजी कागदांत दोन-तीन प्रकारे लिहिलेले सापडतात. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाचं काय! माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांची कबर सापडत नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं स्मारक उभारलं. गेलेल्याची आठवण कधी कधी जिथे गेला तिथेच जास्त टिकते.

आता एक अवघड प्रकरण. आझाद हिंद सेना. युद्धानंतर ब्रिटिशांनी या लोकांची पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी केली. काळे ठरले ते बडतर्फ, आणि कैदेतल्या काळाचा पगार जप्त. इथे नोंद निसटलेली नाही; ती विचारपूर्वक केलेली आहे. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले गढवाल रायफल्सचे अधिकारी, मग आझाद हिंद सेनेचे वरिष्ठ सेनानी. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. मंत्रिमंडळात जागा झाली, पण या सेनेतल्या लोकांना लष्करात परत घेतलं गेलं नाही. पुढे १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झालं, त्यात त्यांना सामावलं. म्हणजे जुन्या वहीतली ओळ खोडली नाही, दुसऱ्या खात्यानं दुसरी वही उघडली. मला ही पळवाट वाटते. बऱ्याच जणांना ती शहाणपणाची वाटते, आणि ज्यांच्या घरात त्या पेन्शनवर चूल पेटली त्यांच्यापुढे मी वाद घालणार नाही.

अमेरिकेत सैनिकाच्या डिस्चार्जचा कागद डीडी-२१४. त्यात परदेशसेवेचा रकानाच आहे. दुरुस्ती झाली तर जुना कागद फाडत नाहीत, डीडी-२१५ जोडतात. तिथेही १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागून १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. तेव्हापासून पगारपत्रकं, इस्पितळाचे कागद यांवरून सेवा पुन्हा उभी करतात. मला आवडतो तो त्यांच्या कायद्यातला शब्दप्रयोग : नोंद दुरुस्त करायची ती ‘चूक किंवा अन्याय’ दूर करण्यासाठी. नोंद वस्तुस्थितीशी जुळत असेल तरीही ती अन्यायाची असू शकते, हे कायद्यानंच मानलं आहे.

आपल्याकडे काय करायचं? आधी रेकॉर्ड ऑफिस : मराठा रेजिमेंटचं बेळगाव, महारचं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज केला तर बरं. पेन्शनर असेल तर पीपीओला शुद्धिपत्रक निघतं, त्याची रीत ठरलेली आहे. नाहीच जमलं तर २००७ च्या कायद्यानं झालेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उशिराचं कारण मात्र नीट लिहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देतं, त्यासाठी युद्धकाळातली सेवा सिद्ध झाली की पुरे. कुठल्या देशात होता हे विचारत नाहीत. म्हणूनच तो रकाना कुणी दुरुस्त करत नाही. ज्या रकान्याला पैसा चिकटलेला नाही, त्यासाठी दप्तर जागचं हलत नाही.

अर्ज लिहिताना एक करा. ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं, तर नम्रपणे विचारा : कोणत्या कागदात पाहिलं, आणि त्या कागदात अशी नोंद ठेवायची पद्धत होती का? मूळ फाईल नष्ट झाली असेल तर ती कधी, हे लेखी मागा. ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद नष्ट झाली’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि दुसरं उत्तर हातात असलं की पदकं, पत्रं, युद्धाच्या डायऱ्या यांना वजन येतं.

आता प्रश्न घेऊ. कुणी कागद आणले असतील तर पुढे या. मूळ डिस्चार्ज बुक पिशवीतच राहू दे, झेरॉक्स दाखवा.